नारायणरावांच्या मोटरीचा हिरवा मळ

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्या खांबाला टेकून ऐकणाऱ्याला आख्यान अर्धंच मिळतं, हे कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही विचारा. आज पुराणातली कथा नाही. एका मोटरीची आहे, आणि ती ज्यांनी घासली त्या नारायणरावांची आहे. हसू आलं तर खुशाल हसा. नारायणराव त्या वेळी हसले नाहीत, पण त्यांना सवडच नव्हती.

वऱ्हाड आणि मध्यप्रांत एका कारभाराखाली होते, तेव्हाची ही गोष्ट. संग्रामपूरचे नारायणराव शेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क होते. उभा जन्म सरकीच्या ढिगाशेजारी गेला. निवृत्तीच्या दिवशी शेठजींनी शाल दिली, नारळ दिला आणि पेन्शनीऐवजी आपली जुनी मोटर दिली. शेठजींना नवी घ्यायची होती आणि जुनी ठेवायला जागा नव्हती, असं पोटात दुखणारे लोक म्हणत. नारायणराव म्हणत, मालकाने बसायचं आसन काढून नोकराला दिलं, असं रामायणानंतर कुठे ऐकलं आहे का? त्यावर कोणी बोलत नसे, कारण रामायणातही नेमकं उलटं झालं होतं की काय, याची कोणाला खात्री नव्हती.

मोटर त्यांना हाकता येत नसे. त्यासाठी वरवट बकालहून कारभारी येई. नावाने कारभारी, धंद्याने ड्रायव्हर. पूर्वी त्याने लॉरी चालवली होती, त्यामुळे मोटरीतही तो मागे कापसाच्या गाठी असल्यासारखाच वळण घेई.

आता मोटर कशाला पाहिजे होती ते ऐका, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. साखरखेर्ड्याचे पुंजाजीबुवा दरवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात संग्रामपूरला कीर्तनाला येत. काय सांगू त्यांचं कीर्तन. बुवांनी नमन धरलं की मंडपातल्या समया सुद्धा ताठ होत. आणि नारायणरावांचं नशीब असं, की मार्गशीर्ष म्हणजे कापसाचा ऐन हंगाम. जिन दिवसरात्र चाललेला. शेगावहून सुटका करून घेऊन, केसांत कापसाचे पुंजके घेऊन हा गृहस्थ धापा टाकत मंडपात पोचे, तोवर आरतीचं तबक फिरत असे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना बुवांचा पूर्वरंग एकदाही ऐकायला मिळाला नाही. उत्तररंगाचं शेपूट कधीतरी. आरती मात्र तोंडपाठ.

आणि आता, हंगामात घरी बसायचं पहिलं वर्ष उजाडलं, तर बुवा येईनात. बैलगाडी उलटून त्यांची कंबर दुखावली होती आणि वैद्याने गाडीत बसायची मनाई केली होती. नारायणरावांनी निरोप पाठवला की माझी मोटर आहे, गादी मऊ आहे, मी स्वतः न्यायला येतो. बुवांनी हो म्हटलं. तर असा प्रसंग होता. मोटर गेली तर बुवा येणार, नाहीतर नाही. पंचक्रोशीत दुसरी मोटर नव्हती.

मोटर चालत होती, पण दिसत बरी नव्हती. मूळची गर्द हिरवी. वऱ्हाडच्या उन्हाने तिची अशी दशा केली होती की बोट फिरवलं तर पांढुरकी भुकटी लागे. राख फासलेला बैरागी जसा. नारायणरावांच्या मनाने घेतलं की बुवा बसणार ती मोटर झळकली पाहिजे. तेवढं मनाने घेतलं नसतं तर ही गोष्ट सांगायला मी आणि ऐकायला तुम्ही इथे नसतो.

त्यांनी खामगावहून पालिशाची एक विलायती डबी आणवली. मेणासारखा वास, लोण्यासारखा मऊ लगदा. अंगणात मोटर उभी करून त्यांनी स्वच्छ फडक्याने हळुवार चोळायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे माणूस अंगणात काही हळुवार करू लागला की जे होतं ते झालं. शेजारी जमले.

पहिले आले शेषराव. शेतीवाडी मोठी, स्वतःची वीटभट्टी, भजनात टाळ धरणारे आणि प्रत्येक अभंग इतका सावकाश म्हणणारे की मृदंगवाल्याने मधे पान खाऊन घ्यावं. त्यांनी डबीत बोट घालून दोन बोटांत लगदा चोळला आणि निकाल दिला की यात कस नाही. घासणारी वस्तू बोटाला चावली पाहिजे. विटकरीची पूड वस्त्रगाळ करून घ्या, तांब्याचा हंडा ज्याने निघतो त्याने मोटर निघणार नाही काय. कारभारीने सांगितलं की अमरावतीला एका साहेबाचा ड्रायव्हर राखुंडीने मोटर घासतो, दाताला चालते ती पत्र्याला चालतेच. बाजारातला सोनार दागिन्यांवर फिरवायची तांबडी, पिठाहून मऊ भुकटी पुडीत बांधून घेऊन आला. सरस्वतीबाई, म्हणजे नारायणरावांच्या पत्नी, यांनी चुलीतली राख आणि चिंचेचा कोळ एवढंच सुचवलं आणि त्या आत गेल्या, कारण त्यांच्या चुलीवर भाकरी होती आणि अंगणात चार पुरुष होते.

शेवटी मनकर्णाबाई आल्या. पलीकडच्या घरातल्या विधवा बाई, जिभेला धार. त्यांनी जात्याला टाकी लावताना उडालेला दगडाचा चुरा पदरात आणला होता. शेषरावांनी तो दाताखाली धरून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, "मनकर्णाबाई, हे मोटरीले लावाले आणलं का मोटर दळाले आणलं?" बाईंनी पदर झटकला आणि बोलणं बंद केलं. त्यांचं बोलणं बंद झालं की गावाला पावसाआधीच्या उकाड्यासारखं वाटे.

आता कोणाचं खरं मानायचं? दुसरा कोणी असता तर ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकता. पण नारायणराव जिनातले गृहस्थ. तिथे दोन यंत्रांत सरस कोणतं हे ठरवायची एक रीत होती. दोघांत सारखाच कापूस घालायचा आणि कोणाखाली कचरा जास्त पडतो ते पाहायचं. ज्याखाली जास्त पडेल ते यंत्र चांगलं. तीच रीत त्यांनी मोटरीला लावली, आणि हे मी त्यांच्या बाजूने सांगतो की कापसाच्या बाबतीत ती रीत आजही बिनचूक आहे.

सुताराचा दोरा रंगात भिजवून त्यांनी मोटरीच्या नाकाडावर, इंजिनावरच्या झाकणावर, चौकटी पाडल्या. सरकारी मोजणीत शेताचे नंबर पाडतात तशा. एकेकाला एकेक चौकट. प्रत्येकाने आपली वस्तू आपल्या चौकटीत एकाच धोतराच्या फाडलेल्या फडक्याने घासायची आणि शेवटी फडकी दोरीवर टांगायची. ज्याच्या फडक्यावर मळ जास्त, त्याची घासणी सरस. किती वेळ घासायचं? नारायणरावांकडे घड्याळ होतं. पण सप्ताह तोंडावर आलेला, मन कीर्तनात. ते म्हणाले, प्रत्येकाने एक अभंग म्हणेपर्यंत.

झालं. कारभारीला अभंग अर्धाच येत होता, तो लवकर संपला. सोनाराने दुकान उघडं टाकलं होतं म्हणून त्याने द्रुत लयीत उरकलं. शेषरावांनी डोळे मिटले, पहिल्या चरणाला आलाप घेतला, आणि त्यांची विटकरीची पूड जी घरघरू लागली ती थांबेना. ध्रुपद त्यांनी प्रत्येक चरणानंतर घोळलं. अभंग संपला तेव्हा सावली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि शेषरावांना घामाने व भक्तीने पाझर फुटला होता.

दोरीवर फडकी लागली. विलायती डबीचं फडकं जेमतेम पोपटी. सोनाराचं त्याहून थोडं गडद. राखुंडीचं आणि राखेचं हिरवट काळं. आणि शेषरावांचं फडकं असं गर्द हिरवं, की मंडळी दोरीजवळ सरकली. "पाहा, केवढा मळ होता," शेषराव म्हणाले, आणि मग त्यांनी जरा निरूपणही केलं, की मनावरचा मळ असाच असतो, वरवर चोळून निघत नाही, त्याला खरखरीत गुरू पाहिजे. निरूपण चांगलं होतं. मीही तिथे असतो तर मान डोलावली असती. चौकटही त्या वेळी खरोखर चकाकत होती, कारण वरची भुकटी गेली होती. विलायती डबी कपाटात गेली आणि सगळ्या मोटरीवर विटकरीचा हात फिरवायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव लोटलं. एकेक दरवाजा एकेका घराने घेतला. फडक्यांवर हिरवा मळ निघत होता आणि जितका निघे तितका हुरूप वाढे. आपल्याकडच्या माणसाला हे कसं पटणार की मळ संपतो? पितळेचा तांब्या जन्मभर घासला तरी फडकं काळंच होतं. त्यांना वाटलं मोटरही तशीच.

मनकर्णाबाईंना कोणी जागा दिली नव्हती. त्या आपला दगडाचा चुरा घेऊन मागच्या बाजूला गेल्या आणि तिथे जी एक पाटी बेवारशी दिसली ती त्यांनी घेतली. काळ्या पाटीवर पांढरं काही चिकटलेलं होतं. ते त्यांनी असं स्वच्छ केलं की नामोनिशाण राहू दिलं नाही. तो मोटरीचा नंबर होता.

दुपारी सरस्वतीबाईंनी फडक्यांचा ढीग धुवायला घेतला. हौदातलं पाणी ढवळलं, पाहिलं, परत ढवळलं, आणि त्या हात पुसत अंगणात आल्या. त्यांनी विचारलं, "आवो, मळ हिरवा कवापासून होऊन राह्यला?"

एवढंच. आवाज सुद्धा चढवला नाही. पण घासणारे सगळे हात एकाएकी थांबले. शेषरावांचा अभंग मधल्या चरणात अडकला. नारायणरावांनी मोटरीकडे पाहिलं, आणि सकाळपासून ते जे पाहत होते तेच त्यांना पहिल्यांदा दिसलं. शेषरावांच्या चौकटीतून रंगाखालचं तांबडं अस्तर वर आलं होतं. पुढच्या उजव्या दरवाजाला मधोमध पत्रा उघडा पडला होता. मागची बाजू हिरवी, डावी भुरकी, टपाजवळ तिन्ही रंग एकत्र. मोटर नव्हती ती, ठिगळांची गोधडी होती.

नारायणराव ओसरीवर जाऊन बसले. लोक त्यांच्या स्वभावाप्रमाणे धीर देऊ लागले. कोणी म्हणालं दुरून कळत नाही. कोणी म्हणालं बुवांची दृष्टी तरी कुठे धड आहे. शेषरावांनी गंभीरपणे सुचवलं की उरलेल्या हिरव्यावर झेंडूच्या माळा सोडू. शेठजींच्या आसनाचं आपण काय केलं, हे नारायणरावांच्या मनात घोळत होतं. शेगावच्या रस्त्याने ही मोटर निघाली की लोक म्हणत, शेठची मोटर, हेडक्लार्कला दिलेली. त्या हिरव्या रंगात त्यांच्या नोकरीचं सगळं चीज होतं, आणि ते दोरीवर वाळत होतं.

तेवढ्यात ठाणेदार आले. अर्जुनराव ठाणेदार म्हणजे उंच, शिस्तीचे, कायद्याचे. त्यांना कोणीतरी कळवलं होतं की गावात बिननंबरची मोटर आहे. त्यांनी मोटरीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली, कारण पहिलीवर त्यांचा विश्वास बसला नाही.

नंबराचं त्यांनी सोपं केलं. नंबर त्यांच्याकडे नोंदलेला होता, गावातला पाट्या रंगवणारा तो लिहून देईल. पण रंगाचं काय? सरकारी कागदावर मोटरीचा रंग लिहिलेला असतो. तिथे जागा एका शब्दाची. मोटरीने रंग बदलला तर तेवढा शब्द बदलून बुलढाण्याला कळवता येतं. पण हिला कोणता शब्द लावायचा? अशी मोटर रस्त्यावर निघाली तर चिखलीच्या नाक्यावर अडवतील आणि बुवांसकट बसवून ठेवतील.

नारायणरावांनी कळवळून सांगितलं की हे दोन दिवस मोटर असू द्या, दत्तजयंती आहे, बुवा आहेत. ठाणेदार वाईट माणूस नव्हते, त्यांनाही कीर्तन प्रिय होतं. पण कागदाला कान नसतात. ते म्हणाले, "नारायणराव, मोटर कोन्याबी रंगाची असू द्या, मले काई म्हनाचं नाई. पन एका शब्दाची असू द्या." उद्या संध्याकाळी येतो म्हणून सांगून ते निघून गेले.

एका शब्दाची मोटर कशी करावी? हिरवा रंग आणायला अकोल्याला माणूस पाठवायला हवा. बैलगाडीच्या चाकांचा रंग गावात होता, पण तो जवसाच्या तेलातला, वाळायला आठवडा घेणारा. बुवांचं पांढरं धोतर आणि ओला रंग, हे चित्र कोणाला सोसेना. अशा वेळी मनकर्णाबाईंनी मौन सोडलं. त्यांनी दरवाजातल्या उघड्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हटलं, "हे एक टोक त निघालंच आहे. बाकीचं काऊन ठेवता?"

नारायणराव उठून मोटरीपाशी आले. उघड्या पत्र्यावर त्यांनी हात फिरवला. विटकरीच्या पुडीने त्यावर ओरखडे पडले होते. मग त्यांनी दोरीवरची फडकी पाहिली, हिरव्यागार फडक्यापासून पोपटीपर्यंत, आणि इथे माझं त्यांना दंडवत आहे. दुसरा माणूस डोकं धरून बसला असता. या माणसाला ती फडकी उलट्या नजरेने वाचता आली. ज्याने जास्त काढलं ते चांगलं आणि ज्याने कमी काढलं ते वाईट, हे खोटं होतं. ज्याने जास्त काढलं ते आधी लावायचं, ज्याने कमी काढलं ते नंतर. मनकर्णाबाईंचा चुरा पहिला, तो रंग फोडील. चुऱ्याचे ओरखडे विटकरी मोडील, विटकरीचे राख मोडील, राखेचे राखुंडी, राखुंडीचे सोनाराची भुकटी, आणि सगळ्यात शेवटी ती कपाटात गेलेली विलायती डबी. नमनाआधी आरती कोणी करत नाही आणि आरतीच्या वेळी कोणी निरूपणाला उभं राहत नाही. सगळेच बरोबर होते, फक्त पाळी चुकली होती.

त्यांनी हे सांगितलं तेव्हा ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला परत मिळाला. मनकर्णाबाई पुढे, त्यांच्यामागे शेषराव, मग सरस्वतीबाई आणि शेजारच्या बायका, मग कारभारी, मग सोनार. एक तुकडी दरवाजा सोडी की पुढची धरी. त्या दिवशीचा उरलेला उजेड आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ असं ते चाललं. भजन सुरूच होतं, पण शेषरावांना लय धरायला मनाई केली होती, कारण त्यांच्या लयीत दुसरी दत्तजयंती आली असती. जात्यांच्या चुऱ्यासाठी घरोघरी माणूस गेला. एकीने तर जातं सुस्थितीत असताना टाकी लावून घेतली. पुढे महिनाभर तिच्या घरी भाकरीत कचकच लागत होती, पण त्या बाईने तोंडातून शब्द काढला नाही.

दुपार कलली तेव्हा एकच हिरवी जागा उरली होती. चालकाच्या बाजूचा मागचा दरवाजा. शेठजी तिथे बसत. तो कोणी धरला नव्हता. उन्हातही तेवढा भाग बरा राहिला होता, कारण शेठजींच्या वाड्यात तो सावलीकडे असे. शेषराव म्हणाले, हा राहू द्यावा, ठाणेदाराला काही समजावू. नारायणरावांनी मनकर्णाबाईंच्या पदरातून चुरा घेतला, फडकं ओलं केलं आणि त्या दरवाजासमोर मांडी घालून बसले. कोणाला हात लावू दिला नाही. अभंग त्यांनी म्हटला, पण पुटपुटत. हिरवं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. सरस्वतीबाई पदराचं टोक तोंडात धरून ओसरीत उभ्या होत्या. विटकरीचाही हात फिरून दरवाजा पांढरा झाला तेव्हा त्या जवळ आल्या आणि त्यांनी आपल्या राखेची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

संध्याकाळी ठाणेदार आले. चाकांवरच्या काळ्या पाखांकडे, म्हणजे मडगार्डांकडे, त्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. बाकी मोटर समईसारखी उभी होती. मावळतीचा सूर्य तिच्यात मावत नव्हता. ठाणेदारांनी टोपी सरळ केली, ती तिच्यात पाहून, आणि कागदावर एक शब्द लिहिला. लोखंडी.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटर निघाली. बोथ्याचा घाट चढेपर्यंत उजाडलं आणि खरी पंचाईत तिथून पुढे झाली. ऊन पडलं तशी समोरून येणाऱ्या गाड्यांचे बैल बुजू लागले. एका गाडीवानाने बैलांच्या डोळ्यांवर धोतर टाकलं आणि नारायणरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नारायणरावांनी खाली उतरून त्याला हात जोडले, तेव्हा तो वरमला आणि त्याने विचारलं, ही देवाची मोटर आहे का? नारायणराव म्हणाले, उद्या होईल.

साखरखेर्ड्याला पुंजाजीबुवा ओट्यावर वाट पाहत होते. मोटरीपाशी येऊन त्यांनी आधी दरवाजात आपली पगडी नीट केली. त्या रात्री तिथेच मुक्काम झाला आणि सकाळी बुवांना गादीवर बसवून, कमरेला उशी लावून, मंडळी परत निघाली. बुवांनी चिखलीपर्यंत मोटर आतून-बाहेरून निरखली. मग त्यांनी विचारलं, "नारायणराव, मोटरीला रंग नसतो का हो?"

"असतो, बुवा. आमी घासून काढला."

"कशापायी?"

नारायणरावांनी खरं सांगितलं. सगळं सांगितलं, फडकी, चौकटी, हिरवा मळ, मनकर्णाबाईंनी पुसलेला नंबर. सांगताना त्यांना स्वतःचीच शरम वाटत होती. बुवा हसले नाहीत. दरवाजाच्या पत्र्यावर हात फिरवून म्हणाले, "माझ्यासाठी लोकांनी मंडप रंगवले, पाट रंगवले. काढला कोणी नव्हता."

संग्रामपूरच्या वेशीवर गाव उभं होतं. टाळांच्या गजरात मोटर मंडपापर्यंत आली. बुवा कोणाचा हात न धरता उतरले, धोतराची घडी मोडलेली नाही. आणि संध्याकाळी नारायणराव, स्नान करून, केसांत कापसाचा एक तंतू नसलेले, सगळ्यांच्या पुढे येऊन बसले. नमनापासून.

गावाची अशी खात्री होती की बुवा उत्तररंगात मोटरीचा दृष्टान्त घेणार. शेषराव तर त्यासाठी नवं उपरणं घालून आले होते. बुवांनी मोटरीचं नाव काढलं नाही. त्यांनी साधी गुरुभक्तीची कथा लावली, आणि अशी लावली की शेषरावांना आपल्या उपरण्याचा विसर पडला. नारायणरावांना मोटरीचाही. पूर्वरंगात बुवा एका शब्दावर थांबले आणि त्याचे पदर उलगडू लागले, तेव्हा या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते आरतीपर्यंत थांबलं नाही. आरती मात्र त्यांनी या वेळी म्हटली नाही. तबक पुढे आलं तेव्हा ते अजून कथेतच बसले होते.

त्या रात्री मार्गशीर्षातलं दव पडलं. लोखंडाला तेल लावून ठेवावं, हे गावातल्या प्रत्येक बाईला आपल्या तव्यावरून ठाऊक होतं. पण सगळ्या बाया कीर्तनात होत्या. सकाळी लोक उठून पाहतात तर मोटर तांबूस. दोन दिवसांत विटकरीसारखी. गावात जो तो पाऊल न वाजवता चालू लागला. कोणी नारायणरावांच्या अंगणात जायला धजेना. शेवटी मनकर्णाबाई जवसाच्या तेलाची बुधली घेऊन गेल्या, तर नारायणराव फडकं घेऊन आधीच बसले होते, आणि कीर्तनात ऐकलेलं पद गुणगुणत होते. चाल चुकत होती. ते म्हणाले, "बसा, मनकर्णाबाई. बुवांनी नमनाची सुरुवात कशी केली होती, ते तुमच्या ध्यानात आहे का?"

तेल पिऊन मोटर पुढे तव्यासारखी काळपट तपकिरी झाली. ठाणेदारांनी कागद बदलला नाही, कारण गंज झाला तरी तो लोखंडाचाच. अशी ती मोटर मग पुष्कळ वर्षं चालली. म्हाताऱ्या कीर्तनकारांना, आजारी हरिदासांना, मृदंगासह घाट चढता येत नसलेल्या साथीदारांना तिने मेहकरहून, देऊळगावाहून, कुठून कुठून वऱ्हाडभर पोचवलं. शेगावच्या रस्त्याने ती निघाली की शेठचं नाव कोणी घेत नसे. लोक म्हणत, बुवांची गाडी आली. नारायणराव पुढे बसत आणि हंगामातही पूर्वरंग चुकवत नसत.

आता उठा, उशीर झाला. एवढं मात्र करा. तुमच्या गावात कीर्तन असलं आणि दुरून आलेले बुवा गाडीतून ताठ कमरेने उतरले, तर नमनाला टाळी देण्यापूर्वी संग्रामपूरच्या नारायणरावांची एकदा आठवण काढा.